विज्ञान दिन : ‘आपण कोण?’ हे मुलांना आकाशातून कसं दाखवावं?

पुस्तकांच्या_गराड्यात

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयातर्फे यंदा (२०२६) २८ फेब्रुवारीला आठवी-नववीच्या साठ मुलांसाठी कार्यक्रम ठरलाय. विषय ‘विश्व आणि आपण’. दुपारचे तीन तास आहेत, शाळेचं मैदान आहे (लांबी साधारण १८० मीटर) आणि संध्याकाळी आकाशदर्शन ठेवायचंय. खर्च फारसा झेपणार नाही.

अडचण अशी की असे कार्यक्रम एकाच सुरावर संपतात : विश्व केवढं अफाट, आपण केवढे क्षुद्र. मुलं ‘बापरे’ म्हणतात आणि घरी जातात. त्यापेक्षा ‘मी कोण’ या प्रश्नाला आडनाव, गाव आणि रास याच्या पलीकडचंही उत्तर असतं, हे मुलांच्या हाताला लागावं असं वाटतं. चार शंका आहेत.

१) सूर्यमालेची प्रतिकृती कोणत्या मापाची करावी, की ती या मैदानात बसेल?
२) ‘आपण ताऱ्यांच्या धुळीचे बनलो आहोत’ हे वाक्य कितपत बरोबर?
३) मुलं राशीबद्दल विचारणारच. काय सांगावं?
४) पाहुण्यांपैकी कोणीतरी ‘हे सगळं पिंडी ते ब्रह्मांडीमध्ये आधीच सांगितलंय’ म्हणणार. त्याचं काय करावं?

---

मोजपट्टी

पहिल्याचं उत्तर देतो. माप ठेवा १ सेंटिमीटर = १ लाख किलोमीटर. म्हणजे १ मीटर = १ कोटी किलोमीटर. याच्याइतकं सोयीचं माप नाही, कारण पाठ्यपुस्तकातले आकडे शून्यं कापून थेट वापरता येतात.

सूर्य १४ सेंमी व्यासाचा. चेंडू घेताना व्यास मोजत बसू नका, भोवती दोरा गुंडाळा, ४४ सेंमी भरला की झालं. पृथ्वी १.३ मिमी : राजगिऱ्याचा एक दाणा. मोहरीने पण चालेल, पण मोहरी काळी असते आणि दाणे लहानमोठे निघतात. राजगिरा काळ्या कार्डावर चिकटपट्टीने लावला की उठून दिसतो. शुक्रालाही राजगिराच, मंगळाला खसखस, बुधाला रव्याचा कण. गुरू १४ मिमी, म्हणजे खेळायची लहान गोटी. शनी १२ मिमीचा मणी. युरेनस-नेपच्यून ५ मिमी : मिरीचे दोन दाणे.

सूर्यापासून अंतरं : बुध ५.८ मीटर, शुक्र १०.८, पृथ्वी १५, मंगळ २३, गुरू ७८, शनी १४३. शनीपर्यंत तुमच्या मैदानात बसतं. युरेनस २८७ आणि नेपच्यून ४५० मीटर, ते फाटकाबाहेर जाणार. ते बाहेर जाणंच महत्त्वाचं आहे, म्हणून माप लहान करून सगळं आत कोंबू नका. माप निम्मं केलंत तर पृथ्वी ०.६ मिमीची होते आणि मागच्या रांगेतल्या मुलांना काहीच दिसत नाही.

नेहमी चुकतं ते इथे : ग्रहांचे आकार एका मापात आणि अंतरं दुसऱ्या मापात. बाजारातले सगळे तक्ते असेच असतात आणि मुलांच्या डोक्यात तेच चित्र बसलेलं असतं. म्हणून आधी चेंडू आणि राजगिरा मुलांच्या हातात द्या, ‘कुठे उभे राहाल?’ विचारा आणि त्यांना उभं राहू द्या. बहुतेक जण दोन-तीन पावलांवर थांबतात. मग टेप काढा. दोन टोकांच्या मधलं १५ मीटर मोकळं मैदान हा पहिला धक्का असतो, त्यावर भाषण करू नका.

चंद्र राजगिऱ्यापासून ३.८ सेंमी. पांढऱ्या पेनने ०.३ मिमीचा ठिपका काढा. १९६९ ते १९७२ या काळात बारा माणसं त्या ठिपक्यावर उतरली. सूर्याचा चेंडू १५ मीटरवर आणि माणसाने पाय ठेवलेली सर्वात लांबची जागा दोन बोटांवर.

प्रकाश या मापात सेकंदाला ३ सेंमी चालतो. मुंगीच्या चालीने, म्हणा. चेंडूपासून राजगिऱ्यापर्यंत ८ मिनिटं १९ सेकंद. सगळं अंतर चालायला लावलंत तर मुलं कंटाळतील. एक मीटर पुरे : घड्याळ लावून ३३ सेकंदांत बोट एक मीटर सरकवायचं. एवढ्यात ‘प्रकाश फार वेगवान’ ही कल्पना ढिली पडते.

आता त्या प्रसिद्ध फोटोचं. व्हॉयेजर-१ या अवकाशयानाने १४ फेब्रुवारी १९९० रोजी सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून मागे वळून पृथ्वीचा फोटो काढला. त्यात पृथ्वी एका पिक्सेलपेक्षाही लहान आहे. आपल्या मापात ते ६०० मीटर. दोन कार्यकर्ते बरोबर देऊन मुलांना रस्त्याने ६०० मीटर चालवत न्या (नकाशावर आधी मोजून ठेवा, बाजारपेठेचा रस्ता टाळा) आणि तिथून वळून बघायला सांगा. राजगिरा तर सोडाच, शाळेची इमारतही एखाद्या घराआड गेलेली असते. तिथे फोटोची छापील प्रत दाखवा. आधी वर्गात दाखवलीत तर नुसता धुरकट ठिपका, कोणाला काही वाटत नाही.

सर्वात जवळचा तारा याच मापात ४,००० किलोमीटरवर. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर, म्हणजे तो देशात मावतच नाही. आणि मधे? जवळपास काही नाही.

---

रसायनशाळा

दुसऱ्या प्रश्नावर. वाक्य अर्धंमुर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं जास्त मजेशीर आहे.

४० किलो वजनाचं मूल धरा. वजनाने त्यात साधारण २६ किलो ऑक्सिजन, ७ किलोच्या वर कार्बन, ४ किलो हायड्रोजन, सव्वा किलो नायट्रोजन, ६०० ग्रॅम कॅल्शियम, ४०० ग्रॅम फॉस्फरस. लोह दीडदोन ग्रॅम, मोठ्या माणसात तीन-चार. हे फळ्यावर लिहू नका, टेबलावर मांडा. २४ लिटर पाणी (पाण्याच्या बाटलीच्या खोक्यात १२ लिटर येतं, अशी दोन खोकी). लाकडी कोळसा सात किलो. चुनखडीचे खडे दीड किलो, कारण चुनखडीत वजनाने ४० टक्के कॅल्शियम असतं. आणि एक छोटा खिळा. फळ्याचा खडू कॅल्शियम म्हणून मांडण्याची चूक सगळे करतात. खडूत बहुधा जिप्सम असतं, त्यात कॅल्शियम आहे, पण हिशेब वेगळा येतो.

आता कोणतं कुठून आलं. हायड्रोजन ताऱ्यात बनत नाही. त्याची अणुकेंद्रं विश्वाच्या अगदी सुरुवातीची आहेत, १,३८० कोटी वर्षांपूर्वीची. वजनात हायड्रोजन दहा टक्के असला तरी अणूंची मोजदाद केली तर शरीरातले सुमारे ६२ टक्के अणू हायड्रोजनचे. म्हणजे मोजणी अणूंची केली तर तुम्ही ‘ताऱ्यांची धूळ’ कमी आणि ताऱ्यांच्याही आधीचे जास्त. टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवून हे सांगा.

ऑक्सिजन मुख्यतः सूर्याच्या आठपटींहून जड ताऱ्यांत शिजतो आणि त्यांचा स्फोट झाला की बाहेर पडतो. कार्बनचा मोठा वाटा मात्र शांतपणे मरणाऱ्या मध्यम ताऱ्यांचा, जे स्फोट न होता आपले थर फुंकरीसारखे सोडून देतात. नायट्रोजनचंही तसंच. लोहाचा बराचसा भाग श्वेतबटू (जळण संपून आकसलेल्या) ताऱ्यांच्या स्फोटातून येतो. म्हणून ‘आपण सगळे सुपरनोव्हाची राख’ हे पोस्टरवर छान दिसतं, पण एका शरीरात किमान तीन-चार जातींच्या ताऱ्यांचं मरण आहे. आणि आयोडीन? थायरॉइडला लागतं ते. त्याच्यासारखी जड मूलद्रव्यं बनवायला न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (जड ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरणाऱ्या अतिघन गाभ्यांच्या) टकरीसारख्या दुर्मीळ घटना लागतात. अशी एक टक्कर १७ ऑगस्ट २०१७ रोजी गुरुत्वीय लहरी आणि प्रकाश अशा दोन्ही वाटांनी टिपली गेली. आयोडीनयुक्त मिठाची पुडी टेबलावर ठेवा, त्यावरचा ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द मुलांना वाचायला लावा आणि मग हे सांगा.

ताऱ्याच्या पोटात कार्बन बनतो कसा, यावर खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९५३ च्या सुमारास आग्रह धरला होता की कार्बनच्या अणुकेंद्राला ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास एक ठराविक ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर कार्बन पुरेसा बनणार नाही. प्रयोगशाळेत शोधली आणि सापडली. हेच हॉइल पुढे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले मार्गदर्शक. मराठी मुलांना ही साखळी सांगायला हरकत नाही.

एक सावधगिरी. ‘तुझ्यात लोह आहे’ म्हटलं की मुलं लगेच चुंबक बोटाला लावतात. चिकटत नाही आणि सगळा प्रयोग खोटा वाटायला लागतो. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत एकेका अणूने बांधलेलं असतं, खिळ्यातल्यासारखं गठ्ठ्याने नसतं, म्हणून चुंबक ते ओढत नाही. हे आधीच सांगून टाका.

आणखी एक, तुमच्या ‘मी कोण’साठी. हा माल कायमचा आपला नसतो. शरीरातलं निम्मं पाणी सुमारे दहा दिवसांत बदलतं. तांबडी पेशी १२० दिवस जगते. गोदावरीचं नाव तेच राहतं, पाणी तेच नसतं, तसं. मुलांना विचारा : मग टेबलावरच्या सामानात ‘तू’ कुठे आहेस? उत्तर देऊ नका. आठवीतली मुलं ‘मांडणीत’ असं स्वतःहून म्हणू शकतात.

---

काळा_पाषाण

@रसायनशाळा, चुंबकाचं अगदी नेमकं. त्याला जोड देतो. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओढ्याच्या वाळूत फिरवा. काळी भुकटी चिकटते. पिशवी उलटी केली की भुकटी अलगद सुटते (पिशवी नसेल तर चुंबकावरून ती निघता निघत नाही). ती बहुतेक मॅग्नेटाइट, आपल्या सह्याद्रीच्या बेसॉल्टची झीज होऊन आलेली. मूलद्रव्य तेच, जे रक्तात आहे.

माझा मुद्दा काळाचा. वर्षभराच्या कॅलेंडरवर विश्वाचा इतिहास बसवण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण भागाकारात मुलं हरवतात. त्यापेक्षा दुकानात बिलाचा कागदी रोल मिळतो तो घ्या आणि १३ मीटर ८० सेंमी मोजून कापा. १ मीटर = १०० कोटी वर्षं, १ मिलिमीटर = १० लाख वर्षं. एक टोक विश्वाची सुरुवात, दुसरं टोक आज. सगळी मापं आजच्या टोकापासून मागे मोजायची : पृथ्वी ४ मीटर ५४ सेंमी, जीवसृष्टीच्या सर्वमान्य जुन्या खुणा सुमारे साडेतीन मीटर, कवचधारी प्राण्यांची गर्दी ५४ सेंमी. आपण ज्या दगडावर उभे आहोत तो दख्खनचा लाव्हा आणि डायनोसॉरचा शेवट, दोन्ही ६.६ सेंमीवर. आधुनिक माणूस ०.३ मिमी.

इथे चुका दोन होतात. एक, लोक सुतळी वापरून गाठी मारतात. एक गाठ दीड-दोन सेंमी खाते, म्हणजे दीड-दोन कोटी वर्षं गेली. वर सुतळी ताणली की लांबते. दुसरी, बिलाचा रोल उष्णतेने काळा पडणारा असतो. फेब्रुवारीच्या दुपारच्या उन्हात मैदानावर पसरलात की करडा पडायला लागतो, आणि टिकाऊ करायला म्हणून लॅमिनेशनला दिलात तर अख्खा काळा होऊन परत येतो. सावलीत, व्हरांड्यात लावा आणि स्केचपेनने लिहा.

लिखित इतिहास पाच हजार वर्षांचा धरला तर या कागदावर तो ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो. तांबडी रक्तपेशी ७-८ मायक्रॉनची असते. राज्यं, धर्म, भाषा, घराणी, सगळं एका रक्तपेशीच्या व्यासातही भरत नाही.

आणि आता आडनावाबद्दल. वहीत दर पिढीला दुप्पट करत मागे जायला सांगा : आईवडील २, आजीआजोबा ४, मग ८. तिसाव्या पिढीला १०७ कोटी येतात. पिढी २५ वर्षांची धरली तर हे ७५० वर्षांपूर्वीचं, देवगिरीला यादवांचं राज्य होतं तेव्हाचं. त्या काळी साऱ्या जगाची लोकसंख्या ४० कोटींच्या आसपास. हिशेब चुकला का? नाही. तेच ते पूर्वज अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा येतात. हे मुलांनी स्वतः शोधायला हवं, वेळ द्या, पंधरा मिनिटं तरी.

इथे घाईने ‘म्हणजे आपण सगळे एकच’ म्हणून टाळ्या घेऊ नका. जातीअंतर्गत लग्नांमुळे आपल्याकडे त्या वाटा बराच काळ एकाच वर्तुळात फिरल्या आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणूंच्या संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या जनुकीय अभ्यासानुसार साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात उपखंडातले समूह मोठ्या प्रमाणावर मिसळले, आणि त्यानंतर ती मिसळण थांबत गेली. म्हणजे भिंती आहेत, पण त्या बिलाच्या कागदावर २ मायक्रॉन जाडीच्या आहेत.

---

विजयदुर्गची_भरती

पाहुण्यांच्या ‘पिंडी ते ब्रह्मांडी’वर. म्हण सुंदर आहे, पण म्हणीत किलो नसतात. पाहुण्यांना खोडून काढू नका. ‘ते आपल्याला कसं कळलं?’ एवढाच प्रश्न मुलांसमोर ठेवा आणि वर्णपटाकडे, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवून मिळणाऱ्या पट्ट्याकडे, वळा. आकाशातला माल आणि जमिनीवरचा माल एकच, हे जगाने मान्य केलं ते वर्णपटामुळे. त्याआधी युरोपातही दोन हजार वर्षं आकाशाचं द्रव्य वेगळं मानत होते.

प्रयोग : जुनी डीव्हीडी घ्या. काठाशी पातं घालून तिचे दोन थर वेगळे करा. पारदर्शक थराचा तुकडा कापा, त्यावर जांभळा रंग असेल तर स्पिरिटने पुसा. बुटाच्या खोक्याच्या एका टोकाला रुपयाएवढं भोक पाडून त्यावर तो तुकडा लावा. समोरच्या टोकाला दाढीच्या पात्याचे दोन भाग समोरासमोर चिकटवून पाव मिलिमीटरची फट ठेवा. सगळं फसतं ते एकाच जागी : डीव्हीडीच्या गोल रेघा आणि फट एकमेकींना समांतर हव्यात. आडवी-उभी झाली तर रंगांचा नुसता गिचका दिसतो. कडांतून उजेड येत असेल तर काळी चिकटपट्टी.

मीठ घातलेल्या पाण्यात कापसाची वात भिजवून स्पिरिटच्या दिव्यावर धरा : एकच पिवळी रेषा, ५८९ नॅनोमीटर, सोडियमची. मेणबत्ती दाखवून ‘ही पण पिवळी’ म्हणू नका. तिचा पिवळेपणा तापलेल्या काजळीचा असतो आणि वर्णपट अखंड दिसतो. हा फरक दाखवायचाच असेल तर दोन्ही शेजारी ठेवा. सूर्याकडे खोका रोखायचा नाही, कधीच नाही. उजळ ढग किंवा पांढरी भिंत पुरते.

आता आपल्या किनाऱ्याची गोष्ट, कारण ती दर वर्षी चुकीची सांगितली जाते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेला सोडियमच्या रेषेच्या अगदी शेजारी, पण तिच्यापासून सुमारे दीड नॅनोमीटर सरकलेली एक पिवळी रेषा दिसली. जान्सेन हे फ्रेंच निरीक्षक तेव्हा गुंटूरला होते. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी तीच रेषा ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय पाहिली आणि ती अनोळखी मूलद्रव्याची ठरवली : हेलियम. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर, १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना पृथ्वीवरच्या खनिजात हेलियम सापडलंही होतं. म्हणून ‘हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला’ हे भाषणात आलं तर नम्रपणे दुरुस्त करा. किल्ल्याचं महत्त्व त्याने कमी होत नाही. त्याच १८९८ च्या ग्रहणाचं निरीक्षण पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी नायगमवाला यांनी जेऊरहून केलं होतं, आणि त्यांचं नाव मात्र कोणी घेत नाही.

मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये तापमान आणि वर्णपटातल्या रेषा यांचं गणित मांडलं. ते वापरून १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. त्यांना आधी तो निष्कर्ष सौम्य करायला लावला गेला, पुढे तोच बरोबर ठरला. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या मते यात आहे : ढाक्याजवळच्या खेड्यातल्या मुलाचं समीकरण आणि केंब्रिज सोडून हार्वर्डला गेलेली मुलगी, दोघांनी मिळून सांगितलं की पाण्यातला हायड्रोजन आणि सूर्यातला हायड्रोजन एकच.

---

पुस्तकांच्या_गराड्यात

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. राजगिरा आणि बिलाचा रोल आजच आणतो. राशीचं आणि संध्याकाळच्या आकाशाचं कोणी सांगेल का? आमच्याकडे एक दुर्बीण (१०x५०) आहे, टेलिस्कोप नाही.

---

रोहिणीची_वाट

आधी तारीख बघा. ३ मार्चला पौर्णिमा, म्हणजे २८ फेब्रुवारीला चंद्र चांगला मोठा आणि पुनर्वसूच्या जवळपासच. तेजोमेघ, आकाशगंगेचा पट्टा वगैरे विसरा. ते दाखवायचंच असेल तर आकाशदर्शन १७ फेब्रुवारीच्या अमावास्येच्या आगेमागे वेगळं ठेवा. २८ लाच करायचं असेल तर फक्त तेजस्वी तारे घ्या. मी सांगते त्याला तेवढे पुरतात.

‘वाढदिवसाचा तारा’ करा. ज्याचं अंतर प्रकाशवर्षांत आपल्या वयाएवढं, त्याचा आज दिसणारा प्रकाश आपल्या जन्माच्या वेळी निघालेला. फेब्रुवारीअखेर रात्री आठला हे सगळे वर असतात : व्याध ८.६ प्रकाशवर्षं, प्रश्वा ११.५, पुनर्वसूची जोडी ३४ आणि ५१, ब्रह्महृदय ४३, रोहिणी ६५, पूर्वेला मघा ७९. आठवीच्या मुलाला अचूक वयाचा ठळक तारा मिळत नाही, ही या खेळातली खोच आहे. तेरा वर्षांच्या मुलाला प्रश्वा दाखवून ‘हा प्रकाश निघाला तेव्हा तू दीड वर्षाचा होतास’ म्हणा. आईला ब्रह्महृदय, आजीला रोहिणी. घरच्या मोठ्या माणसांची वयं आदल्या दिवशी लिहून आणायला सांगा, नाहीतर ऐनवेळी कोणाला आठवत नाहीत.

चूक कुठे होईल : यंदा मिथुनेत सर्वात झगमगतं जे दिसेल तो तारा नव्हे, गुरू आहे. त्याचा प्रकाश निघून सुमारे ४० मिनिटंच झालेली असतात, शाळेतल्या एका तासाएवढी. पुनर्वसू म्हणून तो दाखवू नका. दुर्बीण त्याच्याकडेच वळवा, कोपर भिंतीवर टेकून धरली तर एक-दोन चंद्र दिसतात. हातात तरंगती धरली तर काही नाही.

आता रास. ‘रास खोटी’ म्हणून मुलाला हिणवू नका, घरात आजीने सांगितलेली असते. रास म्हणजे पत्ता समजा आणि त्या पत्त्यावर जा. वृषभ सांगणाऱ्या मुलाला रोहिणी आणि कृत्तिका दाखवा. रोहिणी ६५ प्रकाशवर्षांवर, कृत्तिका सुमारे ४४० वर. एकमेकांशी काही देणंघेणं नाही, फक्त आपल्या अंगणातून एका रेषेत दिसतात. दुसऱ्या ताऱ्याच्या ग्रहावरून बघितलं तर बैल मोडतो. आणि १९३० मध्ये ठरलेल्या तारकासमूहांच्या सीमांप्रमाणे सूर्य दर वर्षी ३० नोव्हेंबर ते १७ डिसेंबरच्या सुमारास भुजंगधारीत असतो, जो बारा राशींत नाहीच. हे सांगितलं की मुलं स्वतःच पुढचे प्रश्न विचारतात.

टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावा, मोबाइल खिशात. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात आणि एक व्हॉट्सॅप उघडलं की ती वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. हिरवा लेसर असेल तर तो एकाच कार्यकर्त्याच्या हातात राहू द्या. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर तो कधीच येता कामा नये.

---

मोजपट्टी

सगळं छान, पण @विजयदुर्गची_भरती, ‘खरं उत्तर यात आहे’ याच्याशी असहमत. हायड्रोजन एकच आहे, म्हणून माणसं एकमेकांशी नीट वागतील असं त्यातून निघत नाही. मोजमापातून वागण्याचा नियम काढायला गेलो की आपण पाहुण्यांच्याच बाजूला जाऊन बसतो. कार्यक्रमात फक्त मोजू द्या.

---

काळा_पाषाण

नियम निघत नाही, हे मान्य. पण काही समजुती मोजमापाने पडतात, एवढं तरी म्हणू या. दोन माणसांच्या जनुकीय मजकुरात तीनशे कोटी अक्षरांपैकी फरक हजारात एखाद्याच अक्षराचा असतो, आणि माणसामाणसांतल्या एकूण फरकाचा बहुतांश, जनुकशास्त्रज्ञ लुओंटिन यांच्या १९७२ च्या हिशेबाने सुमारे ८५ टक्के, कुठल्याही एका समूहाच्या आतच सापडतो. ‘आमचं रक्त वेगळं’ हे वाक्य वस्तुस्थितीबद्दलचं आहे, म्हणून ते मोजून तपासता येतं. तपासल्यावर कसं वागायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

---

रसायनशाळा

यावर स्वतंत्र धागा काढा, इथे साठ मुलांचं बघू. @पुस्तकांच्या_गराड्यात, क्रम असा ठेवा : आधी मैदान (ऊन चढायच्या आत हवं, पण तुमची वेळ दुपारची, म्हणून टोप्या आणि पाणी), मग व्हरांड्यात कागदाचा रोल, मग टेबलावरचं सामान, शेवटी वर्णपट. साठ मुलांना वर्णपटाचा एकच खोका पुरणार नाही. सहा करा. एका डीव्हीडीत आरामात सहा तुकडे निघतात. आणि टेबलावरचं २४ लिटर पाणी नंतर मुलांना प्यायला द्या, विकत आणलंयच तर.

---

पुस्तकांच्या_गराड्यात

सहा खोके, ठरलं. १७ च्या आगेमागे आकाशदर्शन, २८ ला बाकीचं. एकच राहिलं : नेपच्यूनचा ४५० मीटरचा बिंदू आमच्याकडे एसटी स्टँडच्या आत येतोय. मिरी फाटकातल्या पानवाल्याच्या टपरीवर ठेवायची परवानगी मागतो.